फिकं पडलेलं डाळिंब

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात माझ्याकडून डाळिंबाचं छोटं चित्र घेतलेल्या बाई यंदा पुन्हा भेटल्या. पोस्टकार्डाएवढा कागद, जलरंग, किंमत आठशे रुपये. ‘‘चित्र लावलेलं आहे हो अजून, पण डाळिंब कच्चं झालंय,’’ त्या हसत म्हणाल्या आणि मोबाइलवर फोटो दाखवला. लालबुंद दाणे पार गुलबट झाले होते. सालीच्या सावलीत निळसर करडेपणा उरला होता. शेजारच्याच फ्रेममधला आंबा मात्र पिवळाधमक होता. दोन्ही चित्रं माझीच, भिंत तीच, समोर बाल्कनीचं ऊनही तेच.

घरी येऊन जुनी रंगपेटी काढली. डाळिंबाचा लाल ‘अलिझरिन क्रिमसन’ होता. ट्यूबवर बारीक अक्षरात ‘पीआर ८३’ असा रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला. तो मी कधी वाचलाच नव्हता. दुकानात आपण नाव आणि झाकणावरचा रंग पाहतो, मागची बाजू पाहत नाही.

अलिझरिन हा मुळात कापड रंगवण्याचा रंग. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या एका युरोपीय झुडपाच्या मुळांतून तो काढत. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि मुळांची शेती बसली. चित्रकारांसाठी तो अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगावर बसवून त्याची भुकटी करतात. ओला असताना इतका खोल, पारदर्शक लाल दुसरा सापडणं अवघड. डाळिंब, चेरी, सफरचंदाचा गाल, निळ्यात मिसळला की जांभूळ. फळं काढणाऱ्याचा हात आपोआप त्याच ट्यूबकडे जातो.

पण त्याचा रेणू उन्हात टिकत नाही. रंग दिसतो तो रेणूने प्रकाशाचा काही भाग शोषल्यामुळे. शोषलेली ऊर्जा बहुतेक वेळा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. क्वचित एखाद्या वेळी मात्र तिच्यामुळे रेणूची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते, त्याची रचना तुटते आणि त्याच्याबरोबर रंगही जातो. हे ‘क्वचित’ रोज सकाळी तीन तास घडत राहिलं, की दोन वर्षांत डाळिंब कच्चं होतं. गेरू किंवा अल्ट्रामरीन निळा यांचं तसं नाही. ते खनिज स्वरूपाचे, घट्ट स्फटिकांचे. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आहे आणि मूळ अल्ट्रामरीन, म्हणजे लाजवर्दाचा निळाही आहे. माझ्या डाळिंबाच्या सावलीत मी अलिझरिन आणि अल्ट्रामरीन मिसळले होते. लाल उडाला, निळा राहिला. करडेपणाचा उलगडा झाला.

तेलरंगात हाच रंग थोडा जास्त टिकतो, कारण त्याचा थर जाड असतो आणि कण तेलात बुडालेले असतात. जलरंगाचा थर अगदी पातळ. प्रकाश त्यातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटून पुन्हा त्यातूनच बाहेर येतो. जलरंगाचं सगळं तेज याच दुहेरी फेरीत आहे आणि नाशही.

यावरून इंग्लंडमध्ये १८८६ मध्ये वर्तमानपत्रातून मोठा वाद पेटला होता. संग्रहालयातली जलरंगचित्रं उजेडाने खराब होतात की नाही, हा मुद्दा. सरकारने अ‍ॅबनी आणि रसेल या दोघांकडे तपासणी सोपवली. १८८८ च्या त्यांच्या अहवालातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे : हवा काढून टाकलेल्या नळीत बहुतेक रंग उन्हातही टिकले, दमट हवेत मात्र भराभर उडाले. म्हणजे ऊन एकटं गुन्हेगार नाही. ओलावा आणि ऑक्सिजन त्याचे साथीदार. कोकणात किंवा मुंबईत चित्र विकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. आणि फ्रेमची साधी काच फार आधार देत नाही. अतिनील किरणांपैकी काहीच ती अडवते, दिसणारा उजेड तर सगळाच आत येतो.

आता मी ‘पीव्ही १९’ क्रमांकाचा क्विनाक्रिडोन लाल वापरते. ओला असतानाची अलिझरिनची खोली त्यात नाही, हे कबूल. टिकतो मात्र कितीतरी जास्त. नवी ट्यूब आणली की कागदाच्या पट्टीवर पातळ आणि दाट असे दोन हात देते, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकते आणि दक्षिणेच्या खिडकीत चिकटवते. खर्च शून्य. झळाळत्या फ्लुरोसंट गुलाबी रंगाची पट्टी तर बघण्यासारखी होती. काही आठवड्यांतच झाकलेली आणि उघडी बाजू दोन वेगळे रंग वाटायला लागल्या.

टिकाऊपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. माझा आंबा टिकला तो कॅडमियम पिवळ्यामुळे, आणि कॅडमियम शरीरात साठलं तर मूत्रपिंडाला आणि हाडांना घातक. रंगातलं संयुग पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ब्रशने रंगवताना धोका कमी. पण त्याची कोरडी भुकटी घोटू नये, फवारू नये, वाळलेला रंग खरवडू नये. आणि ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुलींना असंच टोक करायला शिकवलं होतं. कित्येकींचे जबडे सडले. आपल्या पेटीत रेडियम नाही, पण सवय तीच आहे. चहाचा कप ब्रश धुण्याच्या भांड्याशेजारी ठेवण्याचीही. त्यात ब्रश बुडवून झाल्यावर तोच चहा मी प्यायलेली आहे.

त्या बाईंना मी नवं डाळिंब काढून दिलं, पैसे न घेता. जुनं परत मागितलं, तुलनेसाठी. त्यांनी दिलं नाही. बाल्कनीसमोरून काढून ते आता आतल्या बोळात लावलंय म्हणाल्या.