वासिंदचा पत्ता, सिंगापूरचा पैसा

कसारा लोकलने निघाले की आसनगावच्या आधी वासिंद लागते. सकाळी टूथपेस्टची ट्यूब पिळणाऱ्या जगातल्या कोट्यवधी माणसांचा या गावाशी संबंध आहे. लॅमिनेटेड ट्यूबच्या धंद्यात जगात आघाडीवर असलेल्या ईपीएल लिमिटेडचा नोंदणीकृत पत्ता आहे पोस्ट वासिंद, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे.

परकीय थेट गुंतवणुकीमुळे आपले उद्योग स्पर्धेत उतरण्याजोगे होतात, असे १९९१पासून ऐकत आलो आहोत. वासिंदचा क्रम मात्र उलटा आहे. टूथपेस्ट ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये यायची त्या काळात, ऐंशीच्या दशकात, ही कंपनी एस्सेल पॅकेजिंग या नावाने सुरू झाली. आधी भांडवल बाहेर गेले: १९९३मध्ये इजिप्तला, मग चीनला. २००० साली स्वित्झर्लंडच्या प्रोपॅकचा ट्यूब व्यवसाय सामावून घेऊन ती एस्सेल प्रोपॅक झाली आणि २००३मध्ये अमेरिकेत डॅनव्हिलला तिचा कारखाना उभा राहिला. मोठी परकीय मालकी आली ती २०१९मध्ये. अमेरिकी गुंतवणूक कंपनी ब्लॅकस्टोनने आपल्या सिंगापूरच्या कंपनीमार्फत सुमारे ५१ टक्के हिस्सा प्रतिशेअर १३४ रुपयांनी घेतला. हा सौदा होता साधारण २,१५७ कोटींचा.

हे पैसे जुन्या प्रवर्तकांना मिळाले. देशाच्या आकडेवारीत परकीय गुंतवणूक वाढली, पण त्या रकमेतून वासिंदला एकही नवे यंत्र आले नाही. २०२५मध्ये थायलंडच्या इंडोरामा व्हेंचर्सने २४.९ टक्के हिस्सा २४० रुपयांच्या भावाने ब्लॅकस्टोनकडून घेतला. एका परदेशी मालकाचा हिस्सा दुसऱ्याकडे गेला, इतकेच. कंपनीची स्पर्धाशक्ती त्याआधीच कमावलेली होती आणि गुंतवणूकदारांनी किंमत मोजली ती त्या कमाईची.

वासिंदमध्येच जिंदालचा, म्हणजे आजच्या जेएसडब्ल्यूचा, पोलाद कारखाना १९८२पासून आहे. २०१०मध्ये जपानच्या जेएफईने जेएसडब्ल्यू स्टीलचे १४.९९ टक्के समभाग सुमारे ४,८०० कोटींना घेतले. हे समभाग नव्याने दिलेले, त्यामुळे पैसा थेट कंपनीत आला आणि त्याला मोटारींच्या पोलादाच्या तंत्रज्ञानाची जोडही होती. मला ही गुंतवणूक जास्त मोलाची वाटते. पण ते तंत्रज्ञान रुजले कर्नाटकात, विजयनगरला.

परकीय गुंतवणुकीचा लाभ स्थानिक उद्योगांना होतो का, हे अर्थशास्त्रज्ञांनीही तपासले आहे. ब्रायन एटकेन आणि ॲन हॅरिसन यांनी १९९९मध्ये व्हेनेझुएलाच्या कारखान्यांचा अभ्यास मांडला. परकीय भागीदारीतल्या लहान कारखान्यांची उत्पादकता वाढली, निव्वळ देशी कारखान्यांची घटली. २००४मध्ये बियाटा यावोर्चिक यांना लिथुआनियात वेगळे दिसले. परकीय भागीदारीतल्या कंपन्यांना माल पुरवणारे स्थानिक पुरवठादार सुधारत होते, आणि हा लाभ आढळला तो देशी-विदेशी संयुक्त मालकीच्या कंपन्यांच्या बाबतीत. थोडक्यात, सुटे भाग, साचे, दुरुस्ती, वाहतूक ही कामे कुणाकडून घेतली जातात, यावर बरेच ठरते.

म्हणून प्रश्न तालुक्याचा आहे. शेजारच्या मुरबाडमध्ये टेक्नोक्राफ्टसारखी देशी कंपनी पोलादी पिंपांची झाकणे आणि परांच्यांचे साहित्य बनवून परदेशी बाजारात विकते. म्हणजे कसब इथे आहे. पाणीही इथूनच जाते. शहापूरच्या भातसा-तानसाचे पाणी मुंबई पिते, एमआयडीसीचे बारवी धरण जिल्ह्यातल्या कारखान्यांची तहान भागवते आणि त्याची उंची वाढवली तेव्हा मुरबाडची गावे पाण्याखाली गेली. शहापूरच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो. मुरबाडला अजून रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग २०२५मध्ये आमण्यापर्यंत पूर्ण झाल्यावर शहापुरातून मालमोटारी भरधाव जाऊ लागल्या. त्यांत इथल्या वर्कशॉपचा माल किती, हे कुणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही.

राज्य सरकार सामंजस्य करारांचे आकडे कोटींत जाहीर करते. त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने हवेत: नव्या यंत्रांवर किती खर्च झाला, तालुक्यातल्या पुरवठादारांकडून किती खरेदी झाली आणि शहापूर-मुरबाडच्या आयटीआयमधून किती मुले कायम कामगार झाली. पहिला तक्ता वासिंदचा काढावा.