दहा लाख खपाचं साप्ताहिक कशाने बुडालं?

‘टाइम’ या अमेरिकी वृत्तसाप्ताहिकाच्या दोन संस्थापकांपैकी हॅडनच्या मृत्यूनंतर ल्यूसने तो कसा सांभाळला, हा आजचा ठरलेला विषय होता. तो एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका वाचकांनी गेल्या लेखातल्या एका विधानावर हरकत घेतली आहे. ‘टाइम’ने ‘लिटररी डायजेस्ट’ या जुन्या अमेरिकी साप्ताहिकाचा बाजार उठवला, असं ते विधान होतं. त्यांचं म्हणणं असं की, १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीचा ‘डायजेस्ट’ने घेतलेला कौल साफ चुकला आणि लोकांचा विश्वास उडून ते बंद पडलं, हे तर पाठ्यपुस्तकांतच लिहिलेलं आहे. आपल्याकडेही मतदानोत्तर चाचण्या फसल्या की ही गोष्ट हमखास सांगितली जाते. तरीही मी माझ्या विधानावर ठाम आहे. त्यासाठी एक अख्खा लेख खर्च करावासा वाटतो, कारण वृत्तसाप्ताहिक म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर ‘टाइम’च्या यशापेक्षा ‘डायजेस्ट’च्या अपयशात जास्त स्वच्छ दिसतं.

आधी कौलाची हकीकत. निवडणुकीच्या वर्षी ‘डायजेस्ट’ लाखो घरी टपालाने मतपत्रिका धाडायचं आणि परत आलेल्या मोजून आठवड्यागणिक आकडे छापायचं. १९१६ पासूनच्या पाचही अध्यक्षीय निवडणुकांत त्याने विजेता बरोबर सांगितला होता. १९३२ मध्ये तर रूझवेल्टच्या मतांची टक्केवारीसुद्धा एक-दीड टक्क्याच्या फरकाने जुळली. १९३६ मध्ये सुमारे एक कोटी मतपत्रिका गेल्या, तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि कॅन्ससचे गव्हर्नर आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार, असा हिशोब निघाला. प्रत्यक्षात ३ नोव्हेंबरला रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली; लँडनला मेन आणि व्हर्माँट ही दोनच मिळाली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने फार थोड्या लोकांना विचारून रूझवेल्टचा विजय वर्तवला होता आणि ‘डायजेस्ट’ कोणत्या बाजूला चुकणार, हेही आधीच सांगून ठेवलं होतं. टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींवरून पत्ते घेतल्यामुळे श्रीमंतांचाच कौल आला, हे त्यावरचं नेहमीचं स्पष्टीकरण. तेही अपुरं आहे. पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने १९८८ मध्ये १९३७च्या एका गॅलप पाहणीतली उत्तरं पुन्हा तपासली. त्यात मोटार आणि टेलिफोन दोन्ही असलेल्यांतही रूझवेल्टचे मतदार जास्त निघाले. याद्या सदोष होत्याच. पण मतपत्रिका भरून परत पाठवायची तसदी लँडनच्या बाजूच्या लोकांनी अधिक घेतली, हे कारण त्याहून वजनदार ठरलं.

पण अंदाज चुकला म्हणून छापणारा संपतो, असा काही नियम नाही. १९४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत खुद्द गॅलपने ड्यूई जिंकणार असं सांगितलं आणि निवडून आले ट्रुमन. गॅलपची नाचक्की झाली, पण संस्था टिकली. तेव्हा १९३६ मध्ये ‘डायजेस्ट’ला ती एक चूक का पेलवली नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कौलाच्या आधीच्या वर्षांत शोधावं लागतं. विसाच्या दशकात या साप्ताहिकाचा खप दहा लाखांच्या पुढे होता. निवडणूक येईपर्यंत तो बराच उतरला होता. मालकांनाही दुखणं कळत होतं: १९३३ मध्ये जुने संपादक जाऊन नवे आले, दुसऱ्यांची अवतरणं छापण्याची रीत मोडून स्वतःचे लेख देण्याचा प्रयत्न झाला. रोग्यावर उपचार सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर कौल चुकला, हा घटनाक्रम पाठ्यपुस्तकांत येत नाही.

दुखणं होतं मूळ रचनेत. आयझॅक फंक यांनी १८९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘डायजेस्ट’ काढलं. ते धर्मोपदेशक होते आणि त्यांची ‘फंक अँड वॅग्नल्स’ ही संस्था शब्दकोशांसाठी प्रसिद्ध. साप्ताहिकही कोशकाराच्या वृत्तीने चाले. एखादा प्रश्न घ्यायचा, त्यावर या वर्तमानपत्राने काय लिहिलं, त्या वर्तमानपत्राने काय लिहिलं, परदेशी पत्रांचं मत काय, हे उतारे ओळीने लावायचे आणि आपण बाजूला राहायचं. गावातलं एकच दैनिक वाचणाऱ्या माणसाला यातून साऱ्या देशाची चर्चा घरबसल्या मिळे. त्या काळात ही मोठी सेवा होती आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण १९२२ मध्ये येल विद्यापीठातून बाहेर पडून फार दिवस न झालेल्या हॅडन आणि ल्यूस यांनी भांडवल गोळा करताना जे माहितीपत्रक काढलं, त्यात नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं होतं. ‘डायजेस्ट’ दोन्ही बाजू देतं, पण आपल्याला कुठली पटते ते सांगत नाही. आम्ही दोन्ही बाजू देऊ आणि कुठली भक्कम वाटते तेही सांगू, असा त्यांचा दावा होता. शिवाय ‘डायजेस्ट’ थोड्या विषयांवर लांबलचक लिहिणार, तर ‘टाइम’ आठवड्यातली प्रत्येक महत्त्वाची घडामोड ठरलेल्या सदरात थोडक्यात सांगणार होता.

इथे एक आक्षेप येतो. सुरुवातीचा ‘टाइम’ तरी काय वेगळं करत होता? ३ मार्च १९२३च्या पहिल्या अंकापासून कित्येक वर्षं त्याच्याकडे सांगण्यासारखे बातमीदार नव्हते. न्यूयॉर्कच्या दैनिकांची कात्रणं पुढ्यात घेऊनच मजकूर लिहिला जाई. हे खरं आहे आणि माझ्या मुद्द्याला उलट बळच देतं. कच्चा माल दोघांचा एकच होता. ‘डायजेस्ट’ तो जोडून देई, ‘टाइम’ तो नव्याने लिहून काढी: घटनेला सुरुवात, मध्य, शेवट द्यायचा, माणसाचा चेहरा, वय, पेहराव सांगायचा, सगळा अंक जणू एकाच लेखणीने लिहिला आहे असा ठेवायचा. या शैलीचा अतिरेक झाला, तिने वाचकाच्या वतीने निकाल फार लवकर लावले, हे पुढे पाहायचंच आहे. पण वाचक तिच्याकडे वळला. ‘कोण काय म्हणालं’ यापेक्षा ‘काय झालं’ हे त्याला आधी हवं होतं.

दुसरा आक्षेप मंदीचा. १९२९ नंतर जाहिराती आटल्या, त्यात जुनं साप्ताहिक गेलं तर नवल काय? पण त्याच मंदीत ‘टाइम’चा खप वाढत गेला. ल्यूसने १९३० मध्ये एक डॉलर किमतीचं ‘फॉर्च्युन’ काढलं आणि तेही चाललं. ‘टाइम’चेच एके काळचे परदेशवृत्त संपादक थॉमस मार्टिन यांनी १९३३ मध्ये, मंदी तळाला असताना, ‘न्यूज-वीक’ सुरू केलं. आणि रूझवेल्टच्या विजयाला तीन आठवडे होत असताना, २३ नोव्हेंबर १९३६ या तारखेने ‘लाइफ’चा पहिला अंक आला, तो हातोहात संपला. पैसा कमी होता, पण नव्या घाटाच्या नियतकालिकासाठी तो निघत होता.

मग कौलाचं काय? त्याचा आघात मी नाकारत नाही. पण तो एवढा जबर का बसला, हे आता उलगडतं. एरवी दुसऱ्यांचे उतारे देणाऱ्या ‘डायजेस्ट’पाशी स्वतःची म्हणावी अशी बातमी एकच होती, तो कौल. तेवढ्यापुरतीच देशातली दैनिकं उलट ‘डायजेस्ट’ला उद्धृत करत. वर्गणीदार मिळवण्याचं साधनही तेच, कारण मतपत्रिकेसोबत वर्गणीचं आवाहन जात असे. ‘टाइम’नेही चुका केल्या, पण पुढच्या आठवड्यात वाचकाला सांगायला त्याच्याजवळ दुसरं पुष्कळ असे. ‘डायजेस्ट’चा एकमेव आधार निसटला तेव्हा खाली काही उरलं नव्हतं. १९३७ मध्ये फंक यांच्या संस्थेने ते ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’च्या मालकांना विकलं, तिथून ते आणखी एका हाती गेलं आणि १९३८च्या आरंभी अंक निघणं थांबलं. त्याच वर्षी वर्गणीदारांची यादी ‘टाइम’ने घेतली आणि ज्यांची वर्गणी शिल्लक होती त्यांच्या घरी ‘टाइम’चे अंक जाऊ लागले.