तेलावरची वीज आणि आपला हिशेब

दुकानात जनरेटर सुरू झाला की उजेड होतो, पण गल्ला हलका होतो. लहान जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये साधारण तीन युनिट वीज देतो. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर युनिट ३० रुपयांना पडले, दुरुस्ती वेगळी.

देशाचा हिशेबही हाच आहे. १९७३-७४ साली जगात कच्चे तेल जवळपास चौपट महागले. तेल विकत आणणारे देश तेव्हापासून कोळसा, पाणी, गॅस आणि अणुशक्तीकडे वळले. भारतात आज तेलावरची वीज एक टक्काही नाही. लक्षद्वीपसारख्या बेटांवर मात्र डिझेलचा मोठा आधार आहे. कुवेत, सौदीत तेल घरचे, म्हणून तिथे ते जाळणे परवडले.

तरी तेलाशिवाय कोळशाचेही चालत नाही. मुक्ताईनगरहून भुसावळला जाताना दीपनगरची धुराडी दिसतात. अशा केंद्राची थंड भट्टी थेट कोळशाने पेटत नाही. आधी तेलाची ज्योत लावून ती तापवतात, मग कोळशाची भुकटी सोडतात. भट्टी जितक्या वेळा बंद पडेल तितके तेल जास्त लागते.

महागड्या इंधनाचा मोठा धडा महाराष्ट्राने दाभोळला घेतला. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन होते नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातूनच निघणारा माल. तेल चढले, डॉलर चढला, तशी वीजही चढली. शिवाय करार असा की माल उचला अगर न उचला, ठरलेला आकार द्यायचाच. वीज मंडळाला ते झेपले नाही आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडले. पुढे २००५ साली त्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी भागीदारीची कंपनी स्थापन झाली.

व्यापारी बंधूंनी यातून काय घ्यावे? महावितरणच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातला फरक तिथून आपल्यापर्यंत येतो. लूमवाल्याने, वेल्डिंगवाल्याने मजुरीचा दर ठरवताना ही ओळ आणि जनरेटरचे तास दोन्ही धरावेत. तीस रुपये युनिटने केलेले काम सरकारी विजेच्या दराने विकले, तर घाटा आपल्याच पदरी येतो.