घरगुती साबण : घटकद्रव्यांची निवड
(एक सभासद भगिनी)

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत साबणासारख्या क्षुल्लक वस्तूवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु दिवाळी जवळ आली की आपल्या महिला मंडळातून उटण्याबरोबर घरी केलेल्या साबणाच्या वड्यांनाही मागणी येते, आणि त्या वड्या घरोघरी लहान मुलांच्या व म्हाताऱ्या माणसांच्या अंगाला लागतात. ज्या वस्तूत कॉस्टिक सोड्यासारखे जहाल द्रव्य वापरावे लागते ती वस्तू अंदाजाने करून चालत नाही. हे मी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून शिकले. म्हणून प्रथम ती चूकच सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका परिचित बाईंकडून मी साबणाची कृती उतरवून आणली. एक किलो खोबरेल, 174 ग्रॅम सोडा आणि त्याच्या दुप्पट पाणी, एवढीच ती होती. पहिला घाणा उत्तम उतरला. दुसऱ्या वेळी खोबरेल महाग झाले होते, म्हणून मी त्याऐवजी तेवढेच शेंगदाण्याचे तेल घेतले. तेल ते तेल, त्यात काय एवढे, असे मला वाटले. वड्या दिसायला पांढऱ्याशुभ्र झाल्या. आठ दिवसांनी सासूबाईंच्या बोटांची सालपटे निघालेली माझ्या नजरेस पडली. त्या रोज त्याच साबणाने आपले लुगडे धूत होत्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "अगं, वयाने कातडी पातळ झाली असेल. तू एवढ्या हौसेने केलेस, त्याला नाव कशाला ठेवू?" त्या दिवशी मला जी शरम वाटली ती अजून विसरले नाही.

चूक कोठे झाली?

साबण म्हणजे तेल आणि क्षार यांचा संयोग. तेलातील स्निग्धाम्ले सोड्याशी जोडली जातात आणि साबण बनतो; बरोबरीने ग्लिसरीन सुटे होते. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी स्निग्ध पदार्थांचे हे स्वरूप उलगडून 1823 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून साबण हे अदमासाचे काम न राहता वजनकाट्याचे काम झाले. प्रत्येक तेलाची सोडा पचविण्याची शक्ती वेगळी असते. एक किलो तेलाचा पूर्ण साबण होण्यास लागणारा कॉस्टिक सोडा सुमारे असा :

खोबरेल – 183 ग्रॅम
शेंगदाण्याचे तेल – 136 ग्रॅम
भिरंडेल – 135 ग्रॅम
तिळाचे तेल – 134 ग्रॅम
करंजेल – 130 ग्रॅम
एरंडेल – 128 ग्रॅम

या आकड्यांकडे पाहिले म्हणजे माझी चूक ध्यानात येईल. खोबरेलासाठी ठरविलेला 174 ग्रॅम सोडा मी शेंगदाण्याच्या तेलात घातला. त्या तेलाने 136 ग्रॅम पचविला आणि उरलेला 38 ग्रॅम सोडा कोणत्याही तेलाच्या वाट्याला न येता वडीत तसाच राहिला. तोच सासूबाईंच्या हातांना लागला. तेल बदलले की सोडा बदललाच पाहिजे, हा या विद्येचा पहिला नियम होय.

दुसरा नियम असा की, हिशोबाने येणाऱ्या सोड्यापेक्षा शेकडा पाच भाग कमीच घ्यावा. त्यामुळे थोडे तेल वडीत मोकळे राहते, कातडी कोरडी पडत नाही आणि वजनात बारीकशी चूक झाली तरी ती अंगावर येत नाही. माझ्या पहिल्या कृतीतील 174 हा आकडा 183 मधून असाच आलेला होता. पण कारण माहीत नसल्यामुळे मला त्याचा उपयोग झाला नाही.

तेलांचे गुणधर्म

आपल्या गोमंतकात तेलांची नावेच किती गोड आहेत! खोबरेल, एरंडेल, भिरंडेल, करंजेल, उंडेल. साबणाच्या दृष्टीने यांतील प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

खोबरेलाने वडी टणक होते आणि फेस भरपूर येतो. समुद्राकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, त्यातही खोबरेलाचा साबण फेस देतो; इतर तेलांचे साबण तेथे हार खातात. परंतु तो मळाबरोबर कातडीचा ओलावाही ओढून नेतो. म्हणून अंगाच्या साबणात खोबरेल तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच असावे. कपड्यांच्या साबणात ते सगळेच्या सगळे घेण्यास हरकत नाही.

शेंगदाण्याचे व तिळाचे तेल सौम्य असते. फेस कमी, वडी जरा मऊ, पण अंगाला सुखकर. खोबरेलाचा कडकपणा यांनी निवतो. सूर्यफूल, करडई ही तेले स्वस्त मिळाली तरी बेताने वापरावीत; त्यांचा साबण लवकर खवट होतो आणि वडीवर नारिंगी ठिपके पडतात.

भिरंडेल ही आपल्या भागाची खास देणगी. भिरंडांच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारी ही चरबी आपण पायांच्या भेगांना लावीत आलो आहोत. साबणात शेकडा दहा ते पंधरा भाग घातल्यास वडी टणक होते, फेस दाट व मऊ येतो. मात्र गोळा खवट नाही ना, हे वास घेऊन पाहावे.

एरंडेल शेकडा पाच भाग पुरे. त्याने फेस टिकतो. जास्त घातल्यास वडी चिकट होते.

करंजेल व उंडेल ही खाण्याची तेले नव्हेत. त्यांना रंग व उग्र वास असतो, म्हणून ती कपड्यांच्या साबणाकडे लावावीत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले व साबण यांना ग्रामोद्योगांत एकत्र स्थान दिले, त्यामागे हाच विचार आहे : खाण्याचे तेल पोटासाठी राहावे आणि रानातील बीही वाया जाऊ नये. तळणीचे उरलेले तेल गाळून घेतल्यास तेही कपड्यांच्या साबणास चालते. अंगाच्या साबणास मात्र नको.

सोडा व पाणी

दुकानात नुसते "सोडा द्या" म्हणू नये. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही तीन निरनिराळी द्रव्ये आहेत. साबणाच्या या कृतीला कॉस्टिक सोडाच लागतो. तो पांढरा, कोरडा व सुटा असावा. हवा लागून ओलसर झालेल्या किंवा गोळे बनलेल्या सोड्याचा जोर उतरलेला असतो व मग हिशोब चुकतो. मोरी साफ करण्याच्या तयार पुड्यांत इतर द्रव्येही मिसळलेली असू शकतात, त्या वापरू नयेत. लाकडाच्या राखेचा क्षार वापरून साबण होतो, पण तो मऊ राहतो, वडी धरत नाही. शिवाय त्याचा जोर मोजता येत नाही.

पाणी पावसाचे गाळलेले किंवा ऊर्ध्वपातित घ्यावे. जड पाण्यातील चुन्याने साबणाची निरुपयोगी साय बनते.

सोडा कालविताना नेहमी पाण्यात सोडा घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा एनॅमलचे असावे. अॅल्युमिनियमचे भांडे सोडा खातो व त्यातून पेट घेणारा वायू निघतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे व चष्मा घालावा आणि त्या वेळी मुले स्वयंपाकघरात नसावीत. सोड्याचे पाणी पेल्यात किंवा पाण्याच्या बाटलीत क्षणभरही ठेवू नये. तहानलेले मूल विचारून पीत नाही. सोडा अंगावर उडाल्यास वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे, लिंबू किंवा शिरका चोळू नये. डोळ्यांत गेल्यास तसेच धूत राहून डॉक्टरकडे न्यावे. पोटात गेल्यास ओकारी काढू नये, तत्काळ इस्पितळ गाठावे.

रंग, वास व भर

हळदीचा पिवळा रंग साबणात टिकत नाही. क्षाराने तो तांबूस होतो. हळदीला क्षार लागला की कुंकू होते हे आपल्या आज्या जाणत होत्याच. डाळीचे पीठ साबणात घालण्याची टूम आहे, पण अन्नाचा अंश वडीत नासतो. पीठ उटण्यातच शोभते. वासासाठी गवती चहाचे किंवा वाळ्याचे शुद्ध तेल, किलोमागे फार तर 30 ग्रॅम घालावे. लवंग व दालचिनीची तेले कातडीला झोंबतात आणि मिश्रण एकदम घट्ट करतात. स्पिरिटातली सुवासिके मुळीच नकोत. शंखजिऱ्याची भर घातल्याने वजन वाढते, साबण वाढत नाही. विक्रीच्या वडीत ती घालणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसविणे होय.

एक नमुना

अंगाच्या साबणासाठी मी आता पुढील प्रमाण वापरते :

खोबरेल 400 ग्रॅम (सोडा 73.2)
शेंगदाण्याचे तेल 400 ग्रॅम (सोडा 54.4)
भिरंडेल 150 ग्रॅम (सोडा 20.3)
एरंडेल 50 ग्रॅम (सोडा 6.4)

सोड्याची बेरीज 154.3 ग्रॅम. त्यातून शेकडा पाच वजा जाता 146 ग्रॅम सोडा आणि 300 ग्रॅम पाणी. सगळे, पाणीसुद्धा, काट्यावर तोलावे. वाटीचे माप उपयोगी नाही. तेले कोमट करून त्यांत कोमट झालेले सोड्याचे पाणी बारीक धारेने सोडावे व खिरीसारखे दाट होईपर्यंत ढवळावे. साच्यात ओतून दोन दिवसांनी वड्या पाडाव्यात आणि वाऱ्यावर, सावलीत, चार ते सहा आठवडे सुकू द्याव्यात. घाई करू नये. दिवाळीची वडी हवी असेल तर गणेशचतुर्थी आटोपताच कामाला लागावे.

कारखान्यातील साबणातून बहुधा ग्लिसरीन काढून घेतात. आपल्या वडीत ते तसेच राहते. घरच्या साबणाचा हा खरा लाभ आहे. मात्र कोणताही खरा साबण क्षारधर्मीच असतो. म्हणून तान्ह्या बाळाला व इसब असलेल्या माणसाला तो डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये.

मंडळाच्या भगिनींना एवढीच विनंती की, प्रत्येक घाण्याची तारीख, तेले व सोड्याचे वजन वहीत लिहून ठेवावे आणि पहिली वडी स्वतः वापरल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नये. सासूबाई आज नाहीत. पण नव्या घाण्याची पहिली वडी घेऊन मी हात धुते, तेव्हा त्यांची ती सोललेली बोटे मला आठवतात आणि काट्यावरचा आकडा मी पुन्हा एकदा पाहून घेते.