चूक हाताची की खटक्याची?



कारखान्यात अपघात झाला की चौकशी बसते आणि तिचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : 'यंत्रावर कोण होते?' यंत्राची रचना कोणी केली, हे सहसा कोणी विचारीत नाही. अशा चौकशांत कामगारांची बाजू मांडण्यात आमची हयात गेली. म्हणूनच 'यूझर एक्स्पीरिअन्स डिझाइनर' या नव्या पेशाविषयी आम्हांला आस्था वाटते. मोबाइलचा पडदा सजविणारा माणूस, अशी त्याच्याविषयी समजूत आहे. परंतु या पेशाचे एक मूळ अपघातांच्या चौकशीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बी-17 विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. पंखांच्या झडपा मिटविण्याऐवजी वैमानिक चाकेच आत घेत. शेरा पडे, 'वैमानिकाची चूक.' अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो दोन्ही खटके सारखेच आणि शेजारीशेजारी! त्याने एकावर छोटे रबरी चाक व दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा बसविला. फरक हाताला कळू लागला. पुढे 1947 साली फिट्स व जोन्स यांनी अशा 460 चुका तपासल्या. त्यांत एक खटका समजून दुसराच ओढल्याच्या चुकांचा गट सर्वांत मोठा होता.

डोनाल्ड नॉर्मन यांची वाटही अशीच. शिक्षण आधी विद्युत अभियांत्रिकीचे, मग मानसशास्त्राचे. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात अपघात झाला. चालकांनी चुका का केल्या, हे शोधण्यास ज्यांना बोलावले त्यांत नॉर्मन होते. त्यांना दोष आढळला तो नियंत्रणकक्षाच्या रचनेत. 1993 साली ते अ‍ॅपल कंपनीत गेले आणि 'यूझर एक्स्पीरिअन्स' हे शब्द हुद्द्यात आले.

परंतु आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो उत्तर युरोपातील 'यूटोपिया' प्रकल्प. 1981 ते 1985 या काळात तेथील मुद्रण कामगारांची संघटना आणि संशोधक एकत्र बसले. वृत्तपत्राची पाने संगणकावर कशी लागावीत, हे त्यांना ठरवायचे होते. हवी ती यंत्रे हाताशी नव्हती; त्यांनी पुठ्ठ्याची व लाकडाची खोटी यंत्रे केली. कामगार त्यांवर काम करून दाखवीत आणि अडेल तेथे बदल सुचवीत. पुठ्ठा कापायला पैसा लागत नाही आणि त्यावर बोलायला इंग्रजीही लागत नाही!

आज आपल्याकडे घरपोच माल देणाऱ्या मुलांचे काम फोनचा पडदा वाटतो. बटण चुकले तर मजुरी त्यांची जाते. पगार आणि बोनस यांबरोबरच संघटनांनी आता आणखी एक मागणी केली पाहिजे : पडदा आखताना तो वापरणारा कामगार तेथे बसलेला असावा. ज्याच्या माथी चूक मारायची, त्याला आधी विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.