पडद्यावरचे टेनिस आणि लकव्याचा हात

स्पेनमधला २९ वर्षांचा एक निवासी डॉक्टर एका रविवारी उठला तो उजवा खांदा ठणकतच. कुठे पडला नव्हता, ओझे उचलले नव्हते. त्याआधी मात्र टीव्हीसमोर उभा राहून तो निन्टेंडो वी या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर तासन्‌तास टेनिस खेळला होता. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हा किस्सा छापला आणि दुखण्याचे बारसे झाले ‘वीआयटिस’.

धडधाकट माणसाचा हात इतका चालवणारा खेळ लकवा मारलेल्या हाताला कामाला लावेल का?

प्रश्न गमतीचा नव्हता. लकव्यानंतर मेंदूचा शाबूत भाग गमावलेली कामे नव्याने शिकू शकतो. अट एवढीच, की तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली पाहिजे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही संख्या दिवसाला शेकड्यांत असते. अमेरिका-कॅनडातल्या २००९च्या एका पाहणीत मात्र हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. दोरी-कप्पी ओढून आणि चेंडू दाबून पेशंट कंटाळतो. पण खेळात गुण वाढताना दिसले, की ‘अजून एक डाव’ म्हणतो.

यंत्रांची करामत साधी आहे. वीच्या रिमोटला हाताच्या वेगातले बदल कळतात; तिच्या बॅलन्स बोर्डच्या चार कोपऱ्यांतले सेन्सर वजन कोणत्या पायावर झुकले ते टिपतात. २०१०मध्ये आलेला कायनेक्ट हा गेमिंग सेन्सर कॅमेऱ्याने आणि अवरक्त किरणांनी सांधे ओळखतो. हातात काहीच धरायचे नसल्यामुळे मूठ न वळणाऱ्यालाही खेळता येते. पण कंबरेतून झुकून किंवा खांदा उचकावून गुण कमावणारा पेशंट यंत्राला फसवू शकतो. फिजिओला नाही.

कॅनडाचे डॉ. गुस्ताव्हो सपोस्निक यांच्या गटाने २०१६मध्ये चार देशांतल्या १४१ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांसोबत अर्ध्यांना वी दिली. उरलेल्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. दोन आठवड्यांत दहा सत्रे झाली. हात दोन्ही गटांचे सुधारले, आणि जवळपास सारखेच.

नाशिकला या निकालाचे महत्त्व वेगळे. १९९८मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे. अभिमत विद्यापीठे सोडली तर राज्यातल्या फिजिओथेरपीच्या बहुतेक पदव्या इथूनच मिळतात. पदवी घेऊन तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणाऱ्याला महागडे यंत्र परवडेलच असे नाही, आणि परवडले तरी ते टिकेल याची हमी कुठे? कायनेक्टचे उत्पादन २०१७मध्येच थांबले.

घरी मात्र कॅरम असतो. दुबळ्या हाताने स्ट्रायकर सरकवायचा, पत्ते एकेक करून वाटायचे, डाव मोजायचे. तोल जात असेल तर बसून, आणि पहिले काही दिवस फिजिओच्या नजरेखाली. समोर मेंढीकोटला हट्टाने बसलेली नात असली, तर आजोबांचे ३२ पत्ते केव्हा वाटून झाले हे त्यांनाही कळत नाही.