सिहोऱ्याच्या बांध्या आणि जिल्ह्याची माणसे

तुमसरहून बपेऱ्याकडे जाताना सिहोरा लागते. जवळच बावनथडी व वैनगंगा या नद्या आहेत आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. सभोवार धानाच्या बांध्या. भंडारा जिल्ह्याची लोकवस्ती कशी ठरली हे समजून घ्यायला हे ठिकाण चांगले आहे.

पाऊस येथे भरपूर पडतो, वर्षाला सव्वा मीटरच्या आसपास. पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत. धानाला पाणी बांधीत उभे राहावे लागते आणि ऐन निसवण्याच्या वेळी पावसाने दगा दिला तर पीक बुडते. यावर पूर्वजांनी काढलेला उपाय म्हणजे तलाव. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, अडलेले पाणी खालच्या बांध्यांना द्यायचे. कोहळी समाजाने या कामात नाव मिळवले. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले, म्हणून ते ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’! गावे वसली ती अशा तलावांच्या व नद्यांच्या आधाराने. सिहोरा परिसराला चांदपूरच्या जलाशयाचे पाणी मिळते. दूर मध्य आशियातही वस्ती नद्या-कालव्यांना चिकटूनच आढळते. कझाकस्तानात दर चौरस किलोमीटरला सरासरी सातच माणसे आहेत, पण ती सारखी पसरलेली नाहीत.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात १२,००,३३४ लोक होते, म्हणजे चौरस किलोमीटरला २९४. दर पाचांपैकी चार जण खेड्यात राहणारे. (जुन्या पुस्तकांत १९९१ चा आकडा २१ लाखांवर दिसेल. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.)

२००१ मध्ये ही संख्या ११,३६,१४६ होती. दहा वर्षांतील वाढ फक्त ५.६५ टक्के, तर राज्याची सुमारे १६ टक्के. असे का व्हावे? त्या दशकात राज्यातील जन्मदर व मृत्युदर यांतला फरक वर्षाला दर हजारी १० ते १३ होता. भंडाऱ्यासाठी आपण कमीतला, १० धरू. तरीही दहा वर्षांत सुमारे १ लाख १४ हजार माणसे वाढायला हवी होती. वाढली ६४ हजार. जिल्ह्याचा जन्मदर आणखी कमी असेल, असे मानले तरी उरलेल्या तफावतीचा बराच भाग स्थलांतराचा असावा असे आम्हांस वाटते. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत खऱ्या, पण खाण किती हातांना काम देणार? एका पिकाच्या शेतीत धान निघाले की काम संपते.

येथे मोजणीची एक गंमत आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. या सबंध काळात जो घराबाहेर असेल त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. धान कापून दूरच्या वीटभट्टीवर गेलेले कुटुंब फेब्रुवारीत सहसा तिथेच असते. जूनमध्ये ते पऱ्हे टाकायला गावी परतते, पण पुढच्या दहा वर्षांच्या तक्त्यांत गावच्या आकड्यात त्याची गणती नसते. शाळेला मात्र ही माणसे ठाऊक असतात, कारण दिवाळीनंतर हजेरीपटावर कोणाची नावे गैरहजर दिसू लागतात हे शिक्षकच पाहतात. ऑगस्ट आणि फेब्रुवारी अशी दोनदा आपल्या गावाची शिरगणती विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.